यूव्हर्जन बायबल ॲप मराठीतून: वाचन सांभाळतं, प्रार्थना आपल्याला सांभाळावी लागते

सदर असो, मेकोसाबाग असो की जरीपटका, नागपुरातल्या मराठी उपासनेत पाळकांनी संदर्भ सांगितला की आता पानं सळसळण्याबरोबर मोबाईलही उघडतात. बरेचदा त्यावर यूव्हर्जनचं बायबल ॲप असतं. रविवारपुरतं त्याचं काम सोपं आहे. अध्याय पटकन सापडला, वाचला, झालं. हे परीक्षण वेगळ्या कामासाठी आहे. सोमवार ते शनिवार, घरात, एकट्याने किंवा कुटुंबासोबत रोज वीस-पंचवीस मिनिटं देवापुढे बसायचं असेल तर हे ॲप त्या बसण्याला हातभार लावतं का, एवढंच इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगायचा तर वाचनाला ते उत्तम आहे, ऐकायला त्याहून उत्तम, आणि प्रार्थनेला अपुरं. या अपुरेपणात ॲपचा दोष थोडा आणि मोबाईल या वस्तूचा जास्त.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ चर्च या मंडळीने हे ॲप जुलै २००८ मध्ये आणलं. ते फुकट आहे, मध्येच जाहिरात येत नाही आणि त्याचे मेनूही मराठीत करून घेता येतात. वचन रंगवणं, टिपण लिहिणं, खूण ठेवणं, वाचनाचे प्लॅन, रोजचं वचन, प्रार्थनेची यादी असं सगळं त्यात आहे. रोजच्या मननासाठी यातलं निम्मंही लागत नाही.

पहिली चूक आवृत्ती निवडताना होते. ‘बायबल’ हा भाग उघडला की वर आवृत्तीचं संक्षिप्त नाव दिसतं. त्यावर बोट ठेवून भाषा मराठी केली की एकापेक्षा जास्त आवृत्त्या समोर येतात, आणि बहुतेक जण यादीत पहिली दिसेल ती घेऊन मोकळे होतात. मग देवळात ऐकलेलं वचन आणि घरी वाचलेलं वचन जुळत नाही, पाठांतर तर होतच नाही. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं सुधारित ‘पवित्र शास्त्र’ मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या कानात बसलेलं आहे. रोजचं वाचन आणि पाठांतर त्यातूनच करावं. समकालीन भाषेतली आवृत्ती किंवा इंडियन रिवाइज्ड व्हर्जन जोडीला ठेवावी, पण अर्थ अडला तरच उघडावी. पौलाची पत्रं वाचताना हा अडथळा हमखास येतो. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच अखंड वाक्य आहे. मराठीत त्याचे तुकडे पाडले तरी कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे असं होतं. अशा ठिकाणी दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी वाचल्या की गाठ सुटते. पाठ करायला मात्र एकच धरावी. दोन आवृत्त्यांतून पाठ केलेलं वचन नेमकं आजाऱ्याच्या खाटेजवळ अर्ध्यावर अडतं.

कॅथलिक वाचकांनी आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. बायबल सोसायटीच्या ज्या आवृत्तीत ६६ पुस्तकं आहेत तिच्यात तोबीत, यूदीथ, शलमोनाचं ज्ञान, सिराक, बारूक आणि मक्काबींची दोन पुस्तकं नसतात. कॅथलिक बायबल ७३ पुस्तकांचं. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, रोजच्या वाचनात सिराक किंवा मक्काबी आलं की ॲपमध्ये ते सापडत नाही, आणि माणूस ॲप बिघडलं असं समजतो. बिघडलेलं काही नसतं, हातातली आवृत्ती वेगळी असते. त्या दिवसांसाठी धर्मग्रामातून, म्हणजे आपल्या पॅरिशमधून, मिळणारी मिस्साची पुस्तिका जवळ ठेवावी.

आवृत्ती ठरली की तिच्या नावाजवळच्या डाउनलोडच्या खुणेवर बोट ठेवून ती मोबाईलमध्ये उतरवून घ्या. नुसता मजकूर असल्याने जागा फार लागत नाही. हे काम एकदाच करायचं असतं, पण रोजच्या बसण्यात सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो, कारण मग वाचताना एअरप्लेन मोड लावता येतो. मजकूर नेटशिवाय उघडतो आणि वरून काहीही घरंगळत येत नाही. हे न केल्यास काय होतं ते ज्याच्या मोबाईलमध्ये मंडळीचा, सोसायटीचा आणि शाळेच्या पालकांचा असे तीन ग्रुप आहेत त्याला सांगायला नको. स्तोत्राच्या चौथ्या वचनावर असताना पाण्याच्या टँकरचा निरोप येतो, आणि बोट तिकडे गेलं की परत येईस्तोवर मनन संपलेलं असतं.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात याच गोष्टीचं चित्र आहे. पहाटे, अंधार असतानाच येशू उठून एकांतात प्रार्थना करायला गेला, हे ३५ वं वचन सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आगेमागे काय आहे तिकडे लक्ष जात नाही. ३२ ते ३४ वाचा: आदल्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी जमलं होतं आणि तो रोग्यांना बरं करत होता. म्हणजे ही पहाट सुट्टीची नव्हती, सगळ्यात दमवणाऱ्या दिवसानंतरची होती. पुढे ३६ आणि ३७ मध्ये शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात आणि सांगतात की सगळे तुझा शोध करताहेत. मोबाईल रोज सकाळी आपल्याला हेच सांगतो. आणि ३८ व्या वचनात येशू त्या गर्दीकडे परत जात नाही, आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ या म्हणतो. त्याला कुठे जायचं आहे हे प्रार्थनेत ठरलेलं होतं, मागणीच्या जोरावर ठरलेलं नव्हतं. रोजच्या प्रार्थनेचं मोल ज्यांना शब्दांत पकडायचं असेल त्यांनी या सात वचनांपाशी आठवडाभर थांबावं. दिवस कामाचा असतो म्हणूनच प्रार्थना आधी, हा क्रम इथून येतो. वेळ उरला तर प्रार्थना करू म्हणणाऱ्याचा वेळ उरत नाही.

आता प्लॅन. ॲपमध्ये वाचनाचे असंख्य प्लॅन आहेत, मराठीत तुलनेने कमी. वर्षात अख्खं बायबल हा सर्वांत मोहात पाडणारा आणि सर्वांत जास्त अर्धवट सुटणारा. गणित करून बघा. बायबलमध्ये १,१८९ अध्याय, ३६५ दिवस, म्हणजे रोज सव्वातीनच्या आसपास. १ जानेवारीला उत्पत्तीपासून सरळ वाचत गेलं तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात संपतात. मग लेवीयचे २७, गणनाचे ३६, अनुवादाचे ३४. होमार्पण, त्वचारोगाचे नियम, वंशांची शिरगणती असा हा मजकूर सगळा फेब्रुवारी व्यापतो. वाचणारा आळशी असतो म्हणून सोडतो असं नाही. पार्श्वभूमी माहीत नसताना मंदिरसेवेचे नियम रोज तीन-तीन अध्याय वाचले तर प्रार्थनेला धरायला काही हाती लागत नाही, आणि दोन दिवस चुकले की सहा-सात अध्यायांची थकबाकी चढते. ॲपमध्ये चुकलेले दिवस पुढे ढकलून तारखा नव्याने लावून घेण्याची सोय आहे, ती बिनदिक्कत वापरावी. थकबाकी फेडण्यासाठी भराभर डोळे फिरवणं म्हणजे वाचन नव्हे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्क घ्यावं. १६ अध्याय, रोज एक, सोबत एक स्तोत्र. पंधरवड्यात येशूचं सगळं चरित्र एकदा डोळ्यांखालून जातं आणि सवयीला पहिला टेकू मिळतो. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय, पण दोन आठवडे घेऊन. मग नवा करार: त्याचे अध्याय २६०, आठवड्याला पाच धरले तर बरोबर ५२ आठवडे होतात, आणि शनिवार-रविवार चुकलेलं भरून काढायला मोकळे राहतात. हा हिशेब इतका सरळ आहे की त्याला ॲपच्या प्लॅनचीही गरज पडत नाही, खूण ठेवली की पुरे. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचायची पद्धत जुनी आणि चांगली आहे. आज १४ तारीख तर १४ वा अध्याय, चुकलेल्याची काळजी नको, पुढच्या महिन्यात तो पुन्हा येतोच. स्तोत्रं रोज पाच वाचली तर सगळी १५० एका महिन्यात होतात. फक्त ११९ व्या स्तोत्राला वेगळा आठवडा द्या, ते १७६ वचनांचं आहे. मुरलेल्या वाचकासाठी स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी बनवलेली पद्धत आहे: रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा. चारही अध्याय वेगवेगळ्या ठिकाणचे असल्यामुळे लेवीय वाचतानाही त्याच दिवशी हातात एखादं स्तोत्र किंवा शुभवर्तमान असतंच. मात्र याला रोज निदान वीस मिनिटं नुसत्या वाचनाला लागतात. प्रार्थनेचा वेळ त्यात धरू नका.

सकाळी मोबाईलवर येणारं ‘आजचं वचन’ फार आवडतं, पण सावधपणे घ्यावं. सुंदर चित्रावर एक वचन येतं, ते स्टेटसला लागतं आणि मनन आटोपलं असं वाटतं. यिर्मया २९:११ हे त्यातलं नेहमीचं. आपल्याविषयी देवाचे संकल्प हिताचे आहेत हे आश्वासन खरंच आहे, पण दहाव्या वचनात आधी बाबेलमधल्या बंदिवासाची सत्तर वर्षं आहेत. यिर्मयाने ज्या बंदिवानांना ते पत्र लिहिलं त्यातले कितीतरी जण परत यायला जिवंत राहणार नव्हते. फिलिप्पै ४:१३ परीक्षेच्या दिवसांत घरोघरी भिंतीवर चिकटवलेलं दिसतं. त्याच्या आधीची दोन वचनं वाचली तर कळतं की पौल तिथे भरपूर असणं आणि उपाशी राहणं या दोन्हींत समाधानी राहायला शिकल्याचं सांगतो आहे, तेही कैदेतून. हे कळल्यावर वचन लहान होत नाही, उलट नापास झालेल्या मुलालाही ते धरून राहता येतं. म्हणून नियम एकच: आजच्या वचनावर बोट ठेवा, पूर्ण अध्याय उघडा, आधीची पाच आणि नंतरची पाच वचनं वाचा. ॲपमध्ये यासाठी एखादा मिनिट लागतो.

सलग किती दिवस ॲप उघडलं याचा आकडाही ॲप दाखवतं. सुरुवातीच्या महिन्यात तो उपयोगी पडतो, आठवण राहते. पण तो आकडा ॲप उघडल्याचा आहे, प्रार्थना केल्याचा नाही. रात्री पावणेबाराला आकडा तुटू नये म्हणून ॲप उघडून बंद केलं तरी दिवस धरला जातो. उलट ज्या दिवशी मेडिकल रुग्णालयाच्या वॉर्डात बाकावर बसून कोणी तासभर प्रार्थना केली आणि मोबाईल खिशातून काढला नाही, तो दिवस त्यात गैरहजर. आकडा तुटला म्हणून खचून सोडून देणारे बरेच असतात. सवय पक्की झाली की त्या आकड्याकडे बघणंच सोडावं, आणि त्याची आठवण करून देणारं नोटिफिकेशन ॲपच्या सेटिंगमधून बंद करावं.

ऐकण्याची सोय ही या ॲपची सगळ्यात जमेची बाजू. ज्या आवृत्तीला आवाज जोडलेला आहे तिथे स्पीकरचं चिन्ह दिसतं. वेग कमी-जास्त करता येतो, मराठीला नेहमीचाच ठेवावा. नवा करार ऐकायला साधारण अठरा-एकोणीस तास लागतात: रोज २८ मिनिटं धरली तर ४० दिवस. भस्म बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत रविवार वगळून बरोबर चाळीसच दिवस होतात, त्यामुळे लेंटमध्ये हा नेम नीट बसतो. ऑटोमोटिव्ह चौकातून खापरीकडे मेट्रोने मिहानला जाणाऱ्यांना किंवा बुटीबोरीच्या कंपनीच्या बसमध्ये बसणाऱ्यांना हा वेळ आयता मिळतो. ऐकताना नेट चालू असेल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, आवाज सुरू राहतो आणि नोटिफिकेशन दबतात. दुचाकीवर इअरफोन घालून मात्र ऐकू नका. आणि प्रवासातलं ऐकणं हे घरातल्या बसण्याच्या जागी धरू नका, ते त्याच्या जोडीला आहे. मत्तय ६:६ मध्ये दार लावून घ्यायला सांगितलं आहे, आणि मेट्रोच्या डब्याचं दार प्रत्येक स्टेशनला उघडतं.

उन्हाळ्यात एक खास नागपुरी अडचण येते. एप्रिल ते जून कूलर सुरू असतो आणि त्याच्या घरघरीत मोबाईलचा स्पीकर ऐकूच येत नाही, शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात. मग आवाज पूर्ण वाढवला जातो आणि शेजारच्या खोलीतलं बाळ उठतं. साधा इअरफोन लावा किंवा कुटुंबासोबत असाल तर छोटा ब्लूटूथ स्पीकर ऐकणाऱ्यांच्या मधोमध ठेवा, कूलरच्या बाजूला नको. छापील बायबलचे हाल वेगळेच. त्याचा कागद फार पातळ असतो. समोरून कूलरचा झोत आला की पानं फडफडतात, आणि गवताच्या ताटीतून आलेल्या ओलाव्याने महिन्याभरात त्यांना लाटा पडतात, सोनेरी कडा एकमेकींना चिकटतात. कूलरकडे पाठ करून बसा, पानावर बारा इंची फूटपट्टी आडवी ठेवा आणि वाचून झालं की बायबल कपाटात ठेवा, कूलरच्या खिडकीत नको. पान धरायला लोखंडी चिमटा लावू नका, पातळ कागद तिथेच फाटतो. हायलायटरची शाई पलीकडे उतरते, त्याऐवजी साधी रंगीत पेन्सिल वापरावी, बोथट टोकाची.

एवढी निगा घेऊन छापील प्रत कशाला, असा प्रश्न येईल. कारण तिच्यात दुसरं काही उघडत नाही. शिवाय वचन पानाच्या कुठल्या बाजूला, वर की खाली, हे लक्षात राहतं आणि पाठांतर पक्कं होतं. घेताना कव्हरवर भाळू नका. उत्पत्तीचा पहिला आणि प्रकटीकरणाचा शेवटचा अध्याय उघडून बघा, दोन्हीकडे बायबल हात न लावता सपाट राहिलं पाहिजे. जुजबंदीची, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवलेली, शिलाई असेल तर राहतं, नुसतं गोंदाने चिकटवलेलं असेल तर दोन-तीन वर्षांत पानं सुटायला लागतात. अक्षर दुकानाच्या झगझगीत उजेडात तपासू नका, जरा सावलीत हातभर अंतरावर धरून ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ष्ट’ अशी जोडाक्षरं वाचता येतात का बघा. चाळिशी ओलांडलेल्यांनी मोठ्या अक्षराची प्रतच घ्यावी, वजन जास्त असलं तरी.

आता खरा मुद्दा, प्रार्थनेचा. ॲपमध्ये प्रार्थनेची यादी करता येते, मित्रांना दाखवता येते, उत्तर मिळालं की तशी नोंद करता येते. सोय चांगली आहे, फक्त एक धोका आहे. कोणाचं आजारपण, घरातला वाद, मुलीच्या लग्नाची बोलणी अशा गोष्टी यादीत घालताना ती यादी कोणाला दिसते हे आधी तपासा. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ‘प्रार्थनेत आठवण करा’ म्हणून चार जणांत गेली की ती व्यक्ती पुन्हा कोणालाच काही सांगत नाही. मंडळीचं असं नुकसान भरून निघायला वर्षं लागतात. इतरांसाठी करायच्या प्रार्थनांना शंभर पानी वही बरी. डावीकडे तारीख आणि नाव, उजवीकडे अर्धं पान रिकामं, उत्तरासाठी. वारांची वाटणी केली की यादी आटोक्यात राहते: सोमवारी घर, मंगळवारी मंडळी आणि पाळक, बुधवारी आजारी, गुरुवारी वस्ती आणि शहर, शुक्रवारी जे दूर गेले आहेत ते, शनिवारी उद्याची उपासना. सगळ्यांसाठी रोज मागायला गेलं तर नुसती नावांची हजेरी होते.

वीस मिनिटांची मांडणी अशी जमते. दोन मिनिटं शांत बसणं. एक स्तोत्र मोठ्याने, तीन मिनिटं. मग वाचनाचा अध्याय, सहा-सात मिनिटं. त्यातलं एक वचन हाताने वहीत उतरवणं. उरलेली सात-आठ मिनिटं प्रार्थना: आधी स्तुती, मग पापांगीकार, मग उपकारस्तुती, शेवटी विनंत्या आणि प्रभूची प्रार्थना. हा क्रम उलटला की विनंत्याच सगळा वेळ खातात, हे हमखास बिघडणारं ठिकाण. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर आधी येत नाही, पित्याचं नाव, राज्य आणि इच्छा आधी येतात. स्तोत्र आधी घेण्याला कारण आहे. मन कोरडं असतं त्या दिवशी आपल्याकडे शब्द नसतात, स्तोत्रात ते तयार मिळतात, रडण्याचेही आणि तक्रारीचेही. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात आहे.

मन भरकटणं हा दुसरा बिघाड. गॅसचा नंबर लावायचा राहिला, मुलाची फी भरायची आहे, हे नेमकं तेव्हाच आठवतं. शेजारी कागदाचा चिटोरा ठेवा, एका शब्दात लिहा आणि परत या. मोबाईलमध्ये लिहायला गेलात की परत येणं होत नाही. झोप येत असेल तर उभं राहून किंवा गच्चीवर फेऱ्या मारत, ओठ हलवून प्रार्थना करा. मे महिन्यात पहाटे पाचच्या आसपास गच्चीवर बसण्यासारखं असतं, सात वाजता नाही. रात्रपाळीच्या नर्स आणि कामगारांनी घड्याळातल्या पहाटेचा हट्ट धरू नये. जाग आल्यावर पहिली वीस मिनिटं, मग दुपारचे दोन का वाजेनात. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे, स्तोत्र ५५ मध्ये संध्याकाळ, सकाळ आणि दुपार तिन्ही आहेत. ठरलेली वेळ हवी, ती अमुकच हवी असं शास्त्र म्हणत नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्या मिळून स्थापन झालं. त्यात अँग्लिकनांची छापील प्रार्थनापद्धती होती, तशी बाप्टिस्ट आणि ब्रदरन यांची उत्स्फूर्त प्रार्थनाही होती. इथल्या घरांत दोन्ही वळणं आजही भेटतात, आणि दोन्ही टिकवण्यासारखी आहेत. ॲपचा कल उत्स्फूर्ततेकडे आहे. मंडळीच्या वर्षाप्रमाणे रविवारची ठरलेली वाचनं हवी असतील तर ती पत्रिकेतून बघून शनिवारी रात्री आपणच उघडावी लागतात. सेमिनरी हिल्सच्या बाजूच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांना, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. प्रत्येक दशकाला मननासाठी एक रहस्य, म्हणजे येशू आणि मरिया यांच्या जीवनातला एक प्रसंग, असतं: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. प्रत्येक रहस्याआधी त्याचा शुभवर्तमानातला उतारा ॲपमधून वाचला तर जपाला वचनाची जोड मिळते. ॲपचा इतका नेमका उपयोग क्वचितच दुसरीकडे होतो.

कौटुंबिक प्रार्थनेला मात्र मोबाईल बाजूला ठेवा, सगळ्यांचेच. एक बायबल हातोहात फिरू द्या, प्रत्येकाने आठ-दहा वचनं वाचावीत, सर्वांत लहान वाचणाऱ्याने आधी. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं एक गीत, दोनच कडवी. नंतर प्रत्येकाने आजच्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल आभार मानायचे. पंधरा मिनिटांच्या पुढे नेऊ नका. वडिलांची प्रार्थना लांबली की मुलं दुसऱ्या दिवशी अभ्यास काढून बसतात. जेवणाआधी ठेवली तर टिकते, जेवणानंतर ठेवली तर टीव्ही आणि झोप यांच्यात ती हरते.

वयस्कांच्या मोबाईलवर हे ॲप लावून देणार असाल तर अर्धा तास काढून नीट लावून द्या. आवृत्ती एकच ठेवा, अक्षर मोठं करा, पहिल्या स्क्रीनवर फक्त याच ॲपचं चिन्ह ठेवा आणि नोटिफिकेशन सगळी बंद करा. एक अध्याय संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, म्हणून ऑडिओला टायमर लावायला शिकवा. पंधरा मिनिटं पुरतात. स्तोत्रसंहिता आणि योहान इथे खूण ठेवून द्या, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही. आणि त्यांचं जुनं बायबल, कितीही जीर्ण झालेलं असो, उशाशीच राहू द्या.